पिठोऱ्याच्या भिंतीसाठी जागा

मकरपुरा म्हटलं की जुन्या बडोदेकरांना राजवाडा आठवतो आणि नंतर आलेल्यांना जीआयडीसी. खंडेराव महाराजांनी १८७० मध्ये बांधलेला आणि पुढे सयाजीराव महाराजांनी नव्यानं सजवलेला तो इटालियन धाटणीचा राजवाडा आता वायुदलाकडे आहे. जीआयडीसीत रोज हजारो माणसं कामाला येतात. आणि या दोन्हींच्या आजूबाजूला, जिथं एके काळी शेतं होती, तिथं सोसायट्या आणि फ्लॅट उभे राहिले, अजूनही राहतायत. आपल्यातली कितीतरी मराठी कुटुंबं याच सोसायट्यांत राहतात.

या इमारती बांधणारी माणसं कुठून येतात, हे आपण सहसा विचारत नाही. सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असलेले, बांधकामाशेजारी पत्र्याच्या खोल्यांत संसार मांडणारे पुष्कळसे मजूर पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यातून येतात : छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहाल, आणि सीमेपलीकडचे मध्य प्रदेशातले अलिराजपूर, झाबुआ. आमच्या सोसायटीला लागून दोन वर्षं एका इमारतीचं काम चाललं होतं. तिथला एक गवंडी राठवा समाजाचा, तेजगढजवळच्या एका खेड्यातला. पिण्याच्या पाण्याच्या निमित्तानं त्याच्या बायकोशी माझी ओळख झाली. घरच्या गोष्टी निघाल्या की ती नेमानं सांगायची, "अमारे घेर पिठोरो छे, बेन. जोवा आवजो." म्हणजे आमच्या घरी पिठोरा आहे, बघायला या.

पिठोरा मी चित्रांच्या प्रदर्शनात, हॉटेलांच्या भिंतींवर आणि भेटवस्तूंच्या दुकानात पाहिला होता. कुणाच्या घरात कधी पाहिला नव्हता. दिवाळीनंतर ती मंडळी गावी होती तेव्हा मी आणि हे एका रविवारी सकाळीच निघालो.

मकरपुऱ्याहून तेजगढ साधारण नव्वद किलोमीटर. डभोई, बोडेली आणि मग तेजगढ. प्रतापनगर स्टेशनावरून छोटा उदेपूरच्या दिशेनं रेल्वेही जाते. डभोईच्या रेल्वेचं आपल्याला कौतुक असायला हवं, कारण खंडेराव महाराजांच्याच काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम अशी जी लहान रुळांची गाडी सुरू झाली ती भारतातली पहिली नॅरोगेज. सुरुवातीला ती बैल ओढत. डभोईच्या पुढे संखेड्याचा फाटा लागतो. ज्यांच्या घरी लाखेच्या कामाचा रंगीत झोपाळा आहे त्यांना हे नाव सांगायला नको.

बोडेली सोडली की मुलूख बदलतो. ओरसंग नदीचं रुंद वाळूचं पात्र, मोहाची झाडं, ताड, आणि क्षितिजावर टेकड्या. गावंही वेगळी. आपल्याकडे गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं, मध्ये देऊळ, चावडी. इथं प्रत्येकाचं घर त्याच्या त्याच्या शेतात. अशा विखुरलेल्या घरांचं मिळून एक फळियं होतं आणि चार-सहा फळियांचं गाव. आमच्या गवंड्याचं घर मुख्य रस्त्यापासून एक किलोमीटर आत, तुरीच्या शेताच्या कडेला होतं. तो रस्त्यावर न्यायला आला होता.

घर लांबट, आयताकृती. सागाचे खांब, त्यांच्यामध्ये बांबूच्या कामट्यांची विणलेली भिंत, तिच्यावर दोन्ही बाजूंनी माती आणि शेणाचा लेप. कोकणात आणि डहाणूकडे कुडाची भिंत पाहिलेल्यांना ही ओळखीची वाटेल. तिथं कारवीच्या काठ्या असतात, इथं बांबू. वर देशी नळीची कौलं, दोन्ही बाजूंना उतरती. पुढे ऐसपैस ओसरी. ओसरीला तिथंही ओसरीच म्हणतात. एका टोकाला शेळ्या बांधायची जागा, दुसऱ्या टोकाला खाटा. आत धान्याच्या, माणसाच्या उंचीच्या, शेणामातीनं लिंपलेल्या कणग्या. त्यांच्याच आडोशानं खोल्या झालेल्या. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना काही दिसेना, पण अंगाला गारवा लगेच कळला.

डोळे स्थिरावल्यावर भिंत दिसली. ओसरी आणि स्वयंपाकाची जागा यांच्यामधली ती भिंत पूर्ण भरलेली होती. घोडे, घोडे आणि घोडे. लाल, पिवळे, हिरवे, निळे. पिठोरा हा देव, आणि त्याच्या लग्नाला निघालेले सगळे देव घोड्यांवर बसलेले. सुरुवातीला हुक्का ओढणारे बाबा गणेह, म्हणजे गणपती; पण सोंड नाही, मोदक नाहीत. राणी काजल, इंदी राजा, हत्तीवरचा राजा भोज. सूर्य, चंद्र. बारा तोंडांचा एक पुरुष. ताडावर चढलेला माणूस, नांगर हाकणारा शेतकरी, पाणी भरणाऱ्या बाया, विहीर, माकडं, विंचू. सभोवती नक्षीची चौकट, तिला खाली मध्यावर वेशीसारखी एक फट आणि वेशीवर दोन वाघ. एका कोपऱ्यात चक्क रेल्वेगाडी होती. मी त्याकडे बोट दाखवल्यावर गवंड्याचे वडील म्हणाले, "जगात जे आहे ते सगळं यात यायला पाहिजे."

त्यांनीच मग समजावून सांगितलं. हे चित्र "काढत" नाहीत, "लिहितात". लिहिणारा तो लखारा. घरात आजारपण असलं, गुरं मरायला लागली, मूल होत नसलं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, कारण शोधून पिठोरा लिहिण्याचा नवस बोलायला सांगतो. (बडवा हा शब्द ऐकून मला पंढरपूर आठवलंच.) नवस फेडायला कधी कधी वर्षं लागतात, कारण खर्च मोठा : लखाऱ्यांची बिदागी, बोकड, सगळ्या गावाचं जेवण, वाजप. ठरल्यावर घरातल्या कुमारिका भिंत शेणामातीनं सारवतात, वर पांढऱ्या मातीचे हात देतात. रंगाची भुकटी दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. काडीचं टोक ठेचून कुंचला करतात. लिहून झालं की बडवा रात्री अंगात येऊन ते "वाचतो". एकेका आकृतीवर बोट ठेवून हा कोण, तो कोण ते सांगतो. कुणी देव राहून गेला असेल तर लखाऱ्याला तिथल्या तिथे भर घालावी लागते. तोपर्यंत पिठोरा पूर्ण झाला असं कुणी म्हणत नाही.

बडोद्याच्या कलावंतांना ही भिंत पूर्वीच दिसली होती. आपल्या विद्यापीठाच्या ललितकला विभागातले ज्योती भट्ट साठच्या दशकाच्या अखेरीपासून गावोगाव हिंडून घरांच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं कॅमेऱ्यात टिपत राहिले. ज्योतींद्र जैन यांनी १९८४ मध्ये राठव्यांच्या पिठोऱ्यावर 'पेंटेड मिथ्स ऑफ क्रिएशन' हे पुस्तक लिहिलं. २०२३ मध्ये छोटा उदेपूरचे पिठोरा कलावंत परेश राठवा यांना पद्मश्री मिळाली. चित्राला मान मिळाला, बाजार मिळाला. आपण कॅनव्हासवर विकत घेतो तो पिठोरा म्हणजे या कलावंतांचं पोट आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण चित्र टिकलं म्हणून भिंत टिकली असं होत नाही. आम्ही गेलो त्या घरात नेमका तोच प्रश्न चालू होता.

घराच्या मागं पाया खणलेला होता. थोरल्या मुलाच्या नावावर सरकारी घर मंजूर झालं होतं. १९८५ पासून चाललेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागानं घेतली. केंद्राच्या ठरावाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. पैसे हप्त्याहप्त्यानं थेट बँकेत येतात आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून जागेसकट नोंदवला जातो. रोजगार हमीतून नव्वदेक दिवसांची मजुरीही धरलेली असते. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं हवं, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. मकरपुऱ्याच्या टू बीएचकेमधला हॉल आणि एक बेडरूम मिळून जेवढी जागा होते, साधारण तेवढी.

शहरातून गेलेल्या माणसाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "अहो, एवढं सुंदर घर कशाला पाडता?" माझ्याही ओठांवर होतं. पण त्याआधीच गवंड्याची बायको मला मागच्या बाजूला घेऊन गेली. एक खांब वाळवीनं पोकळ झाला होता. कौलांतून आभाळ दिसत होतं. "दर पावसाळ्याच्या आधी कौलं चाळायची. दर सणाला भिंत सारवायची. शेण गोळा करायचं, माती आणायची, पाणी आणायचं. हे कोण करतं? मी आणि सासू. आम्ही दोघी मजुरीला गेलो तर भिंत पडते. मागच्या वर्षी घरात साप निघाला." सागाचा नवा खांब आणणं सोपं राहिलेलं नाही, जंगल आटलं आणि जे आहे ते वनखात्याचं. नळीची कौलं करणारे कुंभारही कमी झाले. बाजारात सिमेंटचा पत्रा मिळतो, तो एका दिवसात चढतो. मातीचं घर टिकवण्याची जी मेहनत आहे ती बहुतेक बाईच्या वाट्याला येते, आणि कौतुक करायला येणारे आपण एक दिवसाचे पाहुणे. पक्क्या घराची तिची मागणी रास्त होती आणि आहे.

अडचण वेगळीच निघाली. नव्या घराचा नकाशा गवंड्यानं स्वतःच्या डोक्यात तयार केला होता. समोर मधोमध दार, दोन्ही बाजूंना खिडक्या, आत शेजारी शेजारी दोन खोल्या, एकीत ओटा. ओसरी नाही. हा नकाशा त्याला कुणी सरकारी माणसानं दिला नव्हता. तो त्यानं मकरपुऱ्यात, मांजलपुरात, आपल्या इमारती बांधता बांधता शिकला होता. पक्कं घर म्हणजे असं घर, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. योजनेत तर ठेकेदाराला जागाच नाही. घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं आणि खोल्या कशा काढायच्या हेही त्यानंच ठरवायचं असतं. क्षेत्रफळ आणि मजबुती एवढं सांभाळलं की झालं.

वडिलांनी नकाशा ऐकला आणि एकच विचारलं, "यात पिठोरा कुठं बसणार?"

कारण पिठोऱ्याला कुठलीही भिंत चालत नाही. ओसरीतली, स्वयंपाकाच्या जागेला पाठ लावून उभी असलेली, घरात येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम दिसेल अशी भिंत लागते. तिच्यासमोर बडव्याला बसायला, लोकांना रात्रभर जागायला, नाचायला जागा लागते. खिडकी आली की भिंत तुटली. मधोमध दार आलं की वरातीचे घोडे दोन तुकड्यांत. ओसरीच गेली तर पाहुणे कुठं, खाटा कुठं आणि देव कुठं? दहा बाय दहाच्या खोलीत, पलंगाच्या वर, पंख्याच्या खाली पिठोरा लिहिता येतो, रंग बसतो. पण तो वाचणार कुणासमोर?

मला वाटलं होतं म्हातारबा जुनी भिंत वाचवण्यासाठी हटून बसले असतील. तसं नव्हतं. जुन्या भिंतीबद्दल ते निवांत होते. माती आहे, पडणारच. भिंत जुनी झाली की सारवायची आणि नवस फेडायच्या वेळी नव्यानं लिहायची, असंच चालत आलंय. त्यांच्या लहानपणापासून याच घरात दोनदा लिहिलं गेलं होतं. त्यांना जपायची होती ती पुन्हा लिहिण्याची सोय.

हे ऐकताना मला आपला तांबेकर वाडा आठवला. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा चौसोपी मराठी वाडा, आत भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं : कृष्णलीला, मराठा शिलेदार, इंग्रज साहेब-मडमा. पुरातत्त्व खात्यानं तो संरक्षित केला म्हणून आज दाखवायला उरला आहे. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. तिथला प्रत्येक मूळ रंगाचा कण मोलाचा, कारण तिथं पुन्हा कुणी चित्र काढणार नाही. राठव्यांच्या घराला हाच नियम लावून भागत नाही. घराला काच लावून ठेवलं तर पुढचा पिठोरा कुठं लिहायचा? लखाऱ्याला घर हवं, बडव्याला घर हवं, नवस बोलणारं कुटुंब हवं.

महाराष्ट्रात वारल्यांच्या बाबतीत हे आपण पाहिलं आहे. लग्नघरी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांत कागद घेऊन गेले, जिव्या सोमा मशे यांच्यासारखा मोठा चित्रकार पुढे आला, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र साडीवर आहे, विमानतळावर आहे, आपल्या कपबशीवर आहे. ज्या कुडावर ते जन्मलं तो कूड मात्र पाड्यापाड्यांतून कमी होत गेला.

त्या घरातली चर्चा आम्ही असतानाच पुढे सरकली, आणि जेवताना (मक्याचा रोटला, उडदाची डाळ, हिरव्या मिरच्यांची चटणी) तोडगाही निघाला. नवं घर सरकारी पैशांत मागच्या पायावर पक्कं बांधायचं. दोन खोल्या, ओटा, लोखंडी दार, सगळं सुनेच्या मनासारखं. पण दार मधोमध न ठेवता एका कडेला सरकवायचं, खिडक्या बाजूच्या भिंतींना काढायच्या आणि समोरची भिंत अखंड सोडायची. तिच्यापुढे ओसरी काढायची, ती स्वतःच्या खर्चानं. मकरपुऱ्याच्या मजुरीतले साठवलेले पैसे त्यात जाणार होते. जुन्या घराचे धड असलेले सागाचे खांब ओसरीला वापरायचे, चांगली कौलं वर चढवायची. भिंतीची लांबी वडिलांनी जुन्या भिंतीवर हातानं मोजली, दोरी कापली आणि मुलाच्या हातात दिली.

खांब काढून दुसरीकडे उभे करणं त्यांना अवघड वाटलं नाही. या भागातलं लाकडी घर सुटं होतं आणि पुन्हा जोडता येतं. सरदार सरोवराच्या वेळी नर्मदाकाठच्या गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या आदिवासींना बडोदे जिल्ह्यात डभोई-वाघोडियाकडे वसवलं, तेव्हा कितीतरी कुटुंबांनी घराचे खांब, वासे, कौलं ट्रकमध्ये घालून बरोबर आणली होती. त्यांना घरासाठी ५०० चौरस मीटरचा प्लॉट मिळाला होता, म्हणून जुन्या लाकडाचं घर पुन्हा उभं करणं शक्य तरी झालं. लाकूड, कौलं आणि जागा या तीन गोष्टी असल्या तर घर हलवता येतं.

मी विचारलं, विटेच्या भिंतीवर पिठोरा चालेल? वडील हसले. छोटा उदेपूरच्या बाजूला पक्क्या घरांत, सिमेंटच्या भिंतींवरही पिठोरा लिहिला गेलाय. कुणी कुणी दुकानातले तयार रंगही वापरतात. देव त्यावर रागावलेला नाही. फक्त या घरातल्या सासूबाईंची अट होती की समोरच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा नको. ओसरीच्या बाजूला शेणामातीचंच लिंपण हवं, म्हणजे मुलींना सारवता येईल. सुनेनं मान डोलावली. एक भिंत सारवायला तिची ना नव्हती. सगळं घर सारवायला होती.

परतताना तेजगढच्या आदिवासी अकादमीत थांबलो. भाषा संशोधन आणि प्रकाशन केंद्र ही संस्था १९९६ मध्ये बडोद्यात गणेश देवी यांनी सुरू केली आणि तिनंच ही अकादमी उभी केली. देवी मूळचे भोरचे, आपल्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. नंतर नोकरी सोडून पूर्णवेळ या कामात आले. विटांची ही देखणी इमारत बडोद्याच्याच करण ग्रोव्हर यांनी आखली आहे. आतल्या संग्रहालयाचं नाव 'वाचा'. वाद्यं, दागिने, शेतीची अवजारं, पिठोरा, आणि त्यांच्याबरोबर ती वापरणाऱ्यांची भाषा. देवींचा आग्रह असा की वस्तू ज्यांची, तिच्याबद्दल बोलण्याचा हक्कही त्यांचाच. जवळच्या कोराज डोंगरावर प्राचीन शैलचित्रं आहेत. भिंतीवर लिहिणं इथं फार जुनं आहे.

गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, हा गवंडी आपल्याकडून फ्लॅटचा नकाशा शिकून गेला. आपण त्याच्याकडून काय शिकलो? हे म्हणाले, ओसरी. आणि खरंच, आपल्या आजोळच्या घरांना ओसरी होती, पडवी होती. येणाऱ्याला बसायला जागा होती. आता दार उघडलं की थेट सोफा.

आपल्या मंडळाला यात काही करता येईल असं मला वाटतं. आपल्यात स्थापत्य अभियंते आहेत, आर्किटेक्ट आहेत, निवृत्त सरकारी अधिकारी आहेत. पावणेतीनशे फुटांत दोन खोल्या, एक ओसरी आणि एक अखंड भिंत कशी बसवावी, कौलांखाली वाळवी लागू नये म्हणून खांबाच्या बुडाशी काय करावं, असे चार साधे नकाशे गुजरातीत करून अकादमीतल्या किंवा तालुक्यातल्या लोकांना दाखवता येतील. निर्णय त्यांचा. पिठोरा विकत घ्यायचा असेल तर दुकानाऐवजी कलावंताकडून घ्यावा आणि भिंतीवर लिहिणं अजून चालू आहे का, हेही त्यांना विचारावं.

हिवाळ्यात मंडळाची सहल तेजगढला न्यायला हरकत नाही. सकाळी निघून रात्री परत येता येतं. अकादमी पाहावी, कोराजला चढावं, होळीनंतर गेलात तर कवांटचा मेळाही मिळेल. कुणाच्या घरी पिठोरा पाहायला गेलात तर चपला बाहेर काढा, फोटोआधी विचारा, आणि ओसरीत थोडं बसा. घाई केलेली त्यांना आवडत नाही.

गेल्या महिन्यात गवंड्याचा फोन आला होता. स्लॅब पडला, तिसरा हप्ता यायचाय. ओसरीचे खांब उभे आहेत. समोरची भिंत दोरीच्या मापानं आली आहे, लिंपण सासूबाई करतायत. पिठोरा कधी लिहिणार विचारलं तर म्हणाला, पैसे जमले की, दोन-तीन वर्षं लागतील.